ध्रुवावरील वायुभार आणि वारणाकाठचा गारठा

मार्गशीर्ष सरत आला की वारणेच्या खोऱ्यात पहाटेचे धुके दाटू लागते. वारणानगर, कोडोली आणि आसपासच्या वाड्यांतील मुले सदऱ्यावर सदरा चढवून शाळेत येतात आणि हजेरीला उत्तर देताना त्यांच्या तोंडातून वाफ निघते. अशा एखाद्या सकाळी वर्गात प्रश्न येतोच : "गुरुजी, काल तर थंडी नव्हती, मग आज एकाएकी कोठून आली?"

"उत्तरेकडून आली," एवढे सांगून आपण पाठ पुढे नेतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ध्रुवावरची बर्फाळ हवा मजल दरमजल करीत आपल्या अंगणात येऊन उतरते, असा समज त्यामुळे मुलांच्या मनात राहून जातो. वस्तुस्थिती याहून निराळी आहे. ध्रुवाकडून आपल्याकडे थंडी येत नाही. तेथील वायुभारात घडणाऱ्या फेरफाराचा परिणाम तेवढा येतो, आणि तोही अनेक हातांतून. तो कसा येतो हे शिक्षकबंधुभगिनींच्या ध्यानी यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वायुभार आणि ध्रुवीय भोवरा

हवेला वजन आहे, हे आपण चौथी-पाचवीपासून शिकवतो. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवेचे ओझे असते. वायुभारमापकावर त्याची सरासरी १,०१३ मिलिबार भरते. थंड हवा आकसते व जड होते, म्हणून अतिथंड भूमीवर वायुभार वाढतो. हिवाळ्यातील सैबेरिया हे याचे ठळक उदाहरण होय. तेथील आगाता या ठिकाणी ३१ डिसेंबर १९६८ रोजी समुद्रसपाटीस आणून काढलेला वायुभार १,०८३.८ मिलिबार होता.

उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तेथील उंचावरची हवा अतिशय थंड होऊन आकसते, तेव्हा त्या उंचीवर कमी भाराचे क्षेत्र निर्माण होते. त्याभोवती, पृथ्वीच्या परिवलनामुळे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचे एक प्रचंड कडे फिरू लागते. शास्त्रज्ञ त्यास ध्रुवीय भोवरा म्हणतात. हे नाव मुलांना समजावणे सोपे आहे. दोरी झटकून सोडलेला भोवरा वेगात असेपर्यंत एका जागी ताठ उभा राहतो. वेग मंदावला की तो डुलू लागतो आणि जागा सोडून भरकटतो. ध्रुवीय भोवऱ्याचेही असेच आहे. ध्रुवावरचा भार नेहमीपेक्षा कमी आणि दक्षिणेकडील मध्य अक्षांशांवरचा भार अधिक असला, की वाऱ्यांचे कडे वेगवान व घट्ट राहते आणि थंडी ध्रुवापाशी कोंडली जाते. उलट ध्रुवावरचा भार वाढला, की कडे सैल पडते, वाऱ्यांची वाट नागमोडी होते आणि त्या वळणांतून ध्रुवीय हवा युरोप, अमेरिका व पूर्व आशियात खाली उतरते. भाराच्या या चढउतारास आर्क्टिक आंदोलन असे नाव आहे. २००९-१० च्या हिवाळ्यात ध्रुवावरचा भार असाच फार वाढला होता. त्या वर्षी युरोप व अमेरिकेत जबर हिमवर्षाव झाले.

पुण्याशी असलेला धागा

भाराच्या या तराजूचा शोध आपल्या देशाच्या वेधशाळांशी जोडलेला आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचा अंदाज आधी कसा बांधावा, हा प्रश्न निकडीचा झाला होता. १९०४ साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर हे भारतातील वेधशाळांचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या वेधशाळांतील वायुभाराचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तेव्हा त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली : एका ठिकाणचा भार चढला की हजारो मैल दूरच्या ठिकाणचा उतरतो, जणू एकाच तराजूची ती दोन पारडी. अशा तीन जोड्या त्यांनी दाखवून दिल्या. त्यांतली उत्तर अटलांटिकवरची जोडी, म्हणजे आइसलँड आणि अझोर्स बेटे, ही आर्क्टिक आंदोलनाची जवळची आप्त होय. वॉकर १९२४ साली निवृत्त झाले. त्यांच्या कचेरीचे ठाणे तेव्हा सिमल्यास होते. १९२८ साली ते पुण्यास हलविण्यात आले आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखली जाते. पावसाचा शोध घेता घेता एका माणसाच्या हाती हिवाळ्याची किल्ली लागली, ही कथा मुलांना अवश्य सांगावी.

हिमालयाची भिंत आणि पश्चिमेची वाट

आता आपल्याकडे वळू. वारणानगर सुमारे १७ उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा येथून ध्रुव ८,००० किलोमीटरांहून दूर पडतो. मध्ये तिबेटचे पठार व हिमालयाची भिंत आहे. सैबेरियातील थंड हवा जड असल्यामुळे जमिनीलगतच पसरते व ही भिंत ओलांडू शकत नाही. म्हणूनच त्याच अक्षांशावरील पूर्व चीनपेक्षा उत्तर भारताची मैदाने हिवाळ्यात उबदार असतात.

मग ध्रुवाचा परिणाम पोहोचतो कसा? तो पश्चिमेकडून, वळसा घालून येतो. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेस, सुमारे १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वेगवान वायुप्रवाह वाहत असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. भूमध्य व कास्पियन समुद्रांच्या बाजूने निघालेली कमी भाराची क्षेत्रे या प्रवाहाबरोबर इराण व अफगाणिस्तान ओलांडून आपल्या देशात येतात. हेच पश्चिमी विक्षोभ. काश्मीर व हिमाचलात बर्फ पडते ते त्यांच्यामुळे, आणि पंजाबातील गव्हास पाऊस मिळतो तोही त्यांच्याकडून.

ध्रुवावरचा भार बदलला की अटलांटिकवरच्या वाऱ्यांची वाट बदलते आणि त्याचा धक्का या प्रवाहास पोहोचतो. येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ध्रुवावरचा भार कमी असता युरोपातला हिवाळा सौम्य जातो; पण अशाच वेळी पश्चिम आशियावरून भारताकडे येणारा प्रवाह बळावून आपल्याकडचे विक्षोभ अधिक जोरदार होण्याकडे कल असतो. म्हणजे एकाच कारणाचा परिणाम तिकडे एक आणि इकडे दुसराच! शिवाय हे नाते अढळ नाही. प्रशांत महासागरातील एल निनोसारखी इतर कारणेही त्यात हात घालतात आणि अलीकडच्या दशकांत त्यांचा प्रभाव वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

म्हणून घाईने कार्यकारण जोडू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. त्याच हिवाळ्यात, ३० जानेवारी २०१९ रोजी, अमेरिकेतील शिकागो शहर उणे ३० अंशांपर्यंत गोठले आणि ध्रुवीय भोवऱ्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या वर्षी भोवरा विस्कटला तो जानेवारीच्या आरंभी. नागपूरची थंडी त्याआधीची आहे. दोन गोष्टी एका हिवाळ्यात घडल्या, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा धडा विज्ञानाच्या तासाला मोलाचा आहे.

आपल्या खोऱ्यातील रात्र

विक्षोभ उत्तर भारतावरून पुढे सरकला की त्याच्या पाठीमागे उत्तरेचे कोरडे वारे खाली मध्य भारत व महाराष्ट्रापर्यंत उतरतात. ते कोल्हापुरास पोहोचेपर्यंत त्यांतली थंडी बरीच ओसरलेली असते. उरतो तो कोरडेपणा. आणि आपला गारठा घडतो तो याच कोरडेपणातून. ढग व बाष्प हे जमिनीचे पांघरूण होय. ते दूर झाले की दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशात सोडून देते व तिच्या स्पर्शाने लगतची हवा थंड होते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी कधी कधी दवबिंदू गोठतात, त्या वेळी वेधशाळेचा तापमापक मात्र शून्याच्या बराच वर असतो. याचे मर्म हेच. उलट बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचे वारे बाष्प घेऊन आले की आकाश झाकोळते आणि भर पौषातही रात्र उबदार जाते.

शेतकऱ्यास यातला फरक पुरता ठाऊक असतो. कोरडी हवा, स्वच्छ ऊन व थंड रात्री लाभल्या तर उसात साखर भरते व कारखान्याचा उतारा वाढतो. ढगाळ हवा लांबली तर तासगावकडील द्राक्षबागाईतदार भुरीच्या भीतीने धास्तावतो आणि हरभऱ्यावर घाटेअळी दिसू लागते.

थंड झालेली हवा जड असल्यामुळे उतारावरून ओघळून सखल जागी साचते. म्हणून डोंगरउतारावरील वाडीपेक्षा नदीकाठच्या मळीत पहाटे गारठा अधिक असतो. आणि गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पुष्कळदा अशाच सखल रानात पडतात. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून आईबापांबरोबर आलेली ही मुले खोऱ्यातल्या सर्वांत थंड हवेत, पाचटाच्या आडोशाला रात्र काढून आपल्या शाळेत येतात. वर्गातील पेंगणाऱ्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वी तो रात्री कोठे निजला होता, हे आपण जाणून घ्यावे.

वर्गात काय करावे

शाळेच्या पडवीत, उन्हापासून दूर, एक साधा तापमापक टांगावा. डिसेंबर व जानेवारीत रोज शाळा भरण्याच्या वेळी मुलांनी पाळीपाळीने चार गोष्टी वहीत नोंदवाव्यात : तापमान, आकाश, वाऱ्याची दिशा आणि धुराची चाल. चुलींचा धूर वर न जाता पसरट थराने तरंगत राहिला, तर खाली थंड आणि वर उबदार हवा आहे असे समजावे. हवामान खात्याचा अंदाज आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दुसऱ्या सकाळी तो पडताळून पाहावा. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी खाली गेले, म्हणजे हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते, हेही मुलांना सांगावे. तसा इशारा असेल त्या दिवशी मुलांना उबदार कपड्यांची आठवण करावी; झोपण्याच्या बंद जागेत शेगडी पेटती ठेवू नये, कारण तिच्या विषारी धुराने जीव जातो, हे पालकांच्या कानी घालावे.

दोन महिन्यांची ही वही भरली, म्हणजे "थंडी कोठून आली?" या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच देऊ लागतील : ध्रुवावरच्या तराजूने वाऱ्यांची वाट हलविली, वाऱ्यांनी आपल्या आकाशावरचे पांघरूण काढून घेतले, आणि रात्रभर उघड्या राहिलेल्या आपल्याच जमिनीने आपल्याला गारठविले. एवढे समजले, तर ज्याच्या अंगावर पांघरूण नाही अशा आपल्या सोबत्याकडेही त्यांचे लक्ष गेल्यावाचून राहणार नाही.