ऊन लागलं की नजर मंदावली?

मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा डोळ्यांची आग होणं घरोघरी असतं. त्यामुळे पंचविशीतली मुलगी ‘एका डोळ्यानं धूसर दिसतंय, डोळा फिरवला की आतून दुखतं’ म्हणाली, तर घरचे म्हणतात ऊन लागलं, नाहीतर नंबर वाढला. मग चष्म्याच्या दुकानात दिवस जातात. ही दोन लक्षणं जोडीनं आली तर पहिला संशय डोळ्याच्या नसेला सूज आल्याचा, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिसचा घ्यावा.

या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात आणि त्यांच्यावर मायलिनचं आवरण असतं. या सुजेमागे मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार असू शकतो; त्यात शरीराची प्रतिकारशक्ती हेच आवरण पोखरते. मग मेंदूकडे जाणारा संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच थांबतो. सूज बहुधा डोळ्यामागे खोल असते. म्हणून तिघांपैकी दोघांच्या तपासणीत डोळ्याचा पडदा निरोगीच दिसतो. खूण सापडते ती बाहुलीत. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत चांगल्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर आणला, की बाहुली आकसायची सोडून पसरते. घरच्या घरी बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्यानं पाहावं. आजारी डोळ्याला तेच लाल विटलेलं दिसतं.

उन्हाचा संबंध मात्र अगदीच खोटा नाही. आवरण गेलेल्या तंतूंना शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलेलंही सोसत नाही. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये श्रमानंतर नजर अशी तात्पुरती धूसर होत असल्याचं नोंदवलं. रानातलं काम, ताप, कढत पाण्याची आंघोळ, कशानंही नजर मंदावते आणि अंग निवलं की परत येते. ऊन आजार देत नाही, आधी झालेली इजा उघडी पाडतं.

औषधाच्या दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची मला फार धास्ती वाटते. अमेरिकेत ४५७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये आले: शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडनं नजर लवकर सुधारली, नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र हा त्रास पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं. बहुतेकांची नजर काही आठवड्यांत बरीचशी परततेही, आणि तिथेच पुढचा तपास राहून जातो. त्याच चाचणीतल्या रुग्णांचा पंधरा वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत डाग दिसलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, डाग नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांना.

म्हणून नजर सुधारली तरी एमआरआय टाळू नये. ॲक्वापोरिन-४ विरोधी प्रतिपिंडांची रक्तचाचणीही डॉक्टरांना विचारावी, कारण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या आजारात मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधं उलटतात. नांदेडच्या विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था गाठावी, तीही दुखणं सुरू झाल्याच्या पहिल्या काही दिवसांतच.