चर्मकील आणि वनस्पतिजन्य लेप

सुश्रुतसंहितेत अर्शनिदानातच चर्मकीलाचे वर्णन येते. चामखीळ विषाणुजन्य असते, हे आज सर्वमान्य आहे. हिमालयातील वनककडीच्या राळेतील पोडोफायलोटॉक्सिन पेशीविभाजन रोखते. त्यामुळेच ते गुह्यांगाच्या चामखिळींवर गुणकारी ठरते आणि त्यामुळेच निरोगी त्वचेसही भाजते. म्हणून त्याचे ०.५ टक्के द्रावण ३ दिवस, दिवसातून २ वेळा, केवळ चामखिळीवर लावून ४ दिवस थांबतात. गर्भिणीस ते वर्ज्य आहे. हिरव्या चहाच्या अर्काचे १५ टक्के मलम अमेरिकेत २००६ साली संमत झाले. त्यामागे प्रमाणित अर्क व रुग्णांवरील चाचण्या होत्या. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक नव्हे. प्रमाण व कालमर्यादा लिहिल्यावाचून वैद्याने असा लेप देऊ नये, औषधालयाने विकू नये, असे आम्हांस वाटते.