जुनी मोटारसायकल आणि बंद शटर

माझ्याकडे जुनी येझदी रोडकिंग आहे. म्हैसूरचा तो कारखाना १९९६ साली बंद पडला. पण नीट जपली तर ही गाडी आजही घाट चढते. प्लग साफ करणे, पॉइंट पाहणे, कार्बोरेटर जुळवणे ही कामे मी सुटीच्या दिवशी स्वतःच करतो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी झड आत येऊ नये म्हणून शटर ओढून घेतले आणि गाडी चालू ठेवून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसलो. थोड्या वेळाने डोके ठणकू लागले, मळमळले. पित्त झाले असेल, असे वाटले. उठायला गेलो तर पाय लटपटले. सौभाग्यवतींनी चहासाठी शटर वर केले, म्हणून वाचलो.

धुराला वास असतो. पण त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. मग शरीराला प्राणवायू पोचत नाही. बोटाला लावायचे नेहमीचे ऑक्सिमीटरही अशा वेळी चांगला आकडा दाखवून फसवते.

वाचकहो, इंजिन उघड्यावरच सुरू करा. डोके दुखले, गरगरले तर गोळी शोधू नका. आधी मोकळ्या हवेत या आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा. गाडी धुरात चालू होती, हे त्यांना आवर्जून सांगा. यावर प्राणवायू हाच मुख्य उपचार आहे.

माझी रोडकिंग आता अंगणातच दुरुस्त होते. पाऊस असला, तर काम पुढच्या रविवारी!