जमीन आटली, इंजिन वाढले

१९७०-७१ मध्ये देशात पहिली कृषिगणना झाली, तेव्हा महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत हा आकडा १.३४ हेक्टरवर, जेमतेम सव्वातीन एकरांवर आला. त्या पहिल्या गणनेच्या काळात देशात तयार होणारे ट्रॅक्टर बहुतेक पंचवीस ते पस्तीस अश्वशक्तीचे असत. आज सर्वाधिक खप आहे तो ४१ ते ५० अश्वशक्तीच्या गटाचा. जमीन तिसऱ्या हिश्शावर आली आणि इंजिन जवळपास दीडपट झाले. नव्याने शेती हाती घेणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. वाटणीत वडिलांचा सातबारा आलेला असो, नोकरी सोडून गावी परतलेला असो, की दुसऱ्याचे रान खंडाने किंवा बटईने करणारा असो, त्याचा पहिला प्रश्न ‘ट्रॅक्टर कोणता घेऊ’ हाच असतो, आणि त्याला उत्तर मिळते ते अश्वशक्तीत. माझ्या मते हे उत्तर चुकीच्या मापात दिलेले आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर केवढा असावा हे शेताने फारसे कधी ठरवलेच नाही. ते ठरवले टंचाईने, कर्जाने, साखर कारखान्याच्या वजनकाट्याने आणि अलीकडे अनुदानाने. गेल्या पाऊणशे वर्षांचा मागोवा घेतला की हे स्पष्ट दिसते.

स्वतंत्र भारतात ट्रॅक्टरने पहिले मोठे काम केले ते एकट्या शेतकऱ्याच्या मालकीचे यंत्र म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली यंत्रे घेऊन सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेली लाखो एकर जमीन तिने नांगरून काढायला घेतली, आणि त्यासाठी लागणाऱ्या यंत्रांकरता १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. महाराष्ट्रातल्या काळ्या रानात कांसाच्या जागी कुंदा आणि हरळी होती. त्यांची मुळे खोल जातात आणि बैलाच्या औताला ती दाद देत नाहीत. अशा रानाला एकदा खोल नांगरट लागते, पण दरवर्षी लागत नाही. म्हणजे खोल नांगरट ही पहिल्यापासून अधूनमधून घ्यायची सेवा होती. ती घेण्यासाठी प्रत्येकाच्या दारात यंत्र उभे असण्याची गरज नव्हती. १९५१ मध्ये साऱ्या देशात मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. त्याच्या कितीतरी आधी, १९०३ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आपल्याकडे आला होता. आधी अवजार आले आणि मग त्याला ओढणारी शक्ती शोधली गेली. हा क्रम नैसर्गिक होता. पुढे तो उलटा झाला.

देशी ट्रॅक्टर १९५९ मध्ये आयशरने फरिदाबादला काढला. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरला सोबत घेऊन मुंबईत कंपनी स्थापन केली आणि पुढे तिचा बी-२७५ गावोगाव पोचला. पण सुरुवात तुटपुंजी होती: १९६१-६२ मध्ये साऱ्या देशात तयार झाले फक्त ८८० ट्रॅक्टर. उरलेली भूक झेटर, बेलारूस, उर्सुस अशा पूर्व युरोपातून आणि सोव्हिएत संघातून आलेल्या यंत्रांनी भागवायची होती. टंचाई एवढी होती की १९७१ मध्ये ट्रॅक्टरच्या विक्री-वाटपावर नियंत्रण आणणारा आदेश सरकारला काढावा लागला. अशा काळात निवडीला जागाच नव्हती. नंबर लागला की जो मिळेल तो घ्यायचा. दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत आखलेला, संपूर्ण देशी बनावटीचा स्वराज १९७४ मध्ये बाजारात आला. तोही पंचवीसेक अश्वशक्तीचाच होता. दहा एकरांचे कुटुंब आणि पंचवीस-तीस अश्वशक्तीचे इंजिन हा मेळ त्या काळात योगायोगाने जमला होता आणि बराचसा बरोबर होता.

तो मेळ बिघडला ऐंशीच्या दशकापासून. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकांचा जुना ठोकताळा असा होता की आठेक एकर बारमाही बागायत हवी आणि यंत्र वर्षाकाठी हजार तास चालले पाहिजे. कर्जप्रकरणाच्या कागदावर हे हजार तास कसेही दाखवता येत, पण आकडा शहाणा होता. एवढे तास स्वतःच्या रानात भरणे अवघड, म्हणून मालक भाड्याच्या कामाला लागले आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसवाहतुकीला. कारखान्याच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून उसाने भरलेला ट्रॅक्टर घाट चढतो, तेव्हा त्याला खरोखरच पन्नास घोडे लागतात. पुढे रोटाव्हेटर आला. पाच फुटी रोटर फिरवायला चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती हवी, सहा फुटीला त्याहून जास्त. या दोन कामांनी इंजिन वाढवले. त्यात गैर काही नाही. तो धंदा आहे आणि कित्येक घरे त्यावर उभी राहिली. चूक होते ती गावातला नवखा शेजाऱ्याच्या अंगणातला ट्रॅक्टर पाहून आपला ठरवतो तेव्हा. तो ट्रॅक्टर शेजाऱ्याची पाच एकर कसण्यासाठी घेतलेलाच नसतो. तो गावाची दोनशे एकर आणि कारखान्याचा ऊस यांच्यासाठी घेतलेला असतो.

आता पाच एकरांचा हिशेब मांडून पाहू. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. नांगरट एकरी दोन तास धरली तर दहा तास. दोन्ही हंगामांत रोटर किंवा पाळी, एकरी सव्वा तासाप्रमाणे साडेबारा तास. दोन पेरण्यांचे दहा तास. मळणी, फवारणी आणि वाहतूक सढळ हाताने साठ-सत्तर तास. सगळे मिळून वर्षाला शंभर तास भरतात, ओढूनताणून. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साडेसात लाखांना घेतला आणि दहा वर्षांनी अडीच लाखांना विकला, तर वर्षाची घट पन्नास हजार. व्याज सरासरी चाळीस हजार, आणि विमा, ऑइल, दुरुस्ती पंधरा हजार. म्हणजे इंजिन सुरू होण्याआधीच तासाला एक हजार पन्नास रुपये. त्यात चार लिटर डिझेलचे साडेतीनशे मिळवले की चौदाशे. यात नांगर, रोटर, ट्रॉली यांची किंमत नाही आणि चालवणाऱ्याची मजुरीही नाही. हाच ट्रॅक्टर हजार तास चालला तर झीज वाढेल हे धरूनही तासाचा खर्च निम्म्याच्या आत येतो. म्हणूनच हजार तास चालवणारा माणूस आपल्याला जे भाडे सांगतो, त्यात ड्रायव्हरचा पगार काढूनही त्याला परवडते. अनुदानाचेही असेच पाहावे. सव्वा लाखाचे अनुदान मिळाले आणि ते दहा वर्षांवर पसरले तर तासामागे सव्वाशे रुपये सुटतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, त्याने याच ट्रॅक्टरवर पंचेचाळीस-पन्नास हजार वाचतात, म्हणजे तासाला पन्नासच्या आत. दोन्ही सवलती चांगल्याच आहेत, पण शंभर तासांचे हजार तास त्या करू शकत नाहीत.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप वाफशाचा आहे, आणि तो शेती केलेला माणूसच घेतो. काळी जमीन ओली असताना चाकाला लिंपते, वाळली की दगडासारखी होते. मधले काही दिवसच कामाचे. ते दिवस साऱ्या शिवारात एकदमच येतात. मृगाचा पाऊस झाला, चौथ्या दिवशी वाफसा आला, की गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरमागे दहा जण उभे असतात. नव्या माणसाचा, त्यातही खंडकऱ्याचा, नंबर शेवटी लागतो, आणि तोवर पुन्हा पाऊस येतो किंवा ओल उडून जाते. हे खरे आहे, आणि त्यात एक पेरणी हातची जाऊ शकते. पण म्हणून मोठा ट्रॅक्टर घ्या, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. कोणती कामे वाफशाला बांधलेली आहेत ते नीट पाहावे. नांगरट बांधलेली नाही. ती रब्बी निघाल्यापासून वैशाखापर्यंत कधीही होते, त्यासाठी दोन-अडीच महिने हातात असतात आणि ट्रॅक्टर सांगायला सवड असते. वाफशाला बांधलेली कामे म्हणजे पेरणी आणि कोळपणी, आणि ही दोन्ही हलकी कामे आहेत. जड काम थांबू शकते, हलके काम थांबत नाही. मग घरचे असावे ते हलके यंत्र आणि भाड्याने सांगावे ते जड. बैलजोडी असलेली घरे आजही नेमके हेच करतात: नांगरट ट्रॅक्टरची, पेरणी आणि कोळपणी घरच्या बैलांची. याला एक खरा अपवाद आहे. रुंद सरी-वरंब्यावर टोकणारे बीबीएफ यंत्र अडतीस-चाळीस अश्वशक्तीच्या खाली नीट ओढले जात नाही, आणि तेही तारखेचेच काम आहे. मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीनसाठी ही पद्धत ज्याला धरायची आहे त्याने एकट्याने उडी न घेता शेतकरी गटाची अवजारे बँक गाठावी किंवा चार-पाच जणांनी मिळून यंत्र घ्यावे. लहान ट्रॅक्टरने ते जमेल असे मी म्हणणार नाही.

‘मोठा ट्रॅक्टर लहान काम करतो, पण लहान ट्रॅक्टर मोठे काम करत नाही’ असाही एक दाखला नेहमी दिला जातो. सोयाबीनच्या उभ्या ओळीत उतरून पाहिले की त्याचा पहिला अर्धा टिकत नाही. दोन ओळींतले अंतर पंचेचाळीस सेंटीमीटर. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे मागचे टायर साधारण तेरा-साडेतेरा इंची, म्हणजे चौतीस सेंटीमीटर रुंद. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर उरतात आणि रोपाची पाने त्याच्या आधीच मिळालेली असतात. लहान ट्रॅक्टरचे टायर आठ इंची, वीस सेंटीमीटरचे. ते ओळीतून निघते आणि फांदी मोडत नाही. मजुरांवाचून सर्वांत जास्त अडते ते खुरपणी-कोळपणीला, आणि नेमक्या त्याच कामात मोठा ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्याने हे फार आधी ओळखले. नऊ-दहा फुटांच्या ओळीत, वेलीखालून, हंगामभर पुन्हा पुन्हा फवारणीचा ब्लोअर फिरवायचा असल्याने तिथे अठरा-वीस अश्वशक्तीचे बुटके ट्रॅक्टर रुजले. कोकणातल्या खाचरात तर पॉवर टिलरच चालतो. २०११ च्या सुमारास महिंद्राने पंधरा अश्वशक्तीचा युवराज काढला आणि इतरांचेही लहान ट्रॅक्टर आले, तेव्हा कुठे जिरायती शेतकऱ्याला बागायतदाराची ही सोय मिळू लागली.

लहान ट्रॅक्टर काळ्या रानात घसरतो, ही तक्रारही खरी आहे. वजन कमी, म्हणून पकड कमी. त्याला दोन फाळी पल्टी नांगर जोडला तर तो जागीच चाके उकरतो. पण तो नांगर त्याला जोडायचाच नाही, हेच तर म्हणणे आहे. रोटरच्या बाबतीतही जपावे. वर्षानुवर्षे चार इंच रोटर मारला की खाली कठीण थर बसतो, आणि हरळीच्या मुळ्यांचे तुकडे होऊन प्रत्येक तुकडा नवे बेट धरतो. खोल नांगरट टाळून रोटरवरच भागवणारा माणूस काही वर्षांत त्याच हरळीसाठी मोठा ट्रॅक्टर सांगायला जातो. निवड करताना जाहिरातीतली अश्वशक्ती वाचू नये. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, प्रत्यक्ष किती शक्ती मिळते, तासाला डिझेल किती जाते, हायड्रोलिक किती वजन उचलते हे मोजून दिलेले असते. इंजिनाची शक्ती पीटीओपर्यंत येता येता दहा-पंधरा टक्के गळते. रोटर, ब्लोअर आणि मळणीयंत्र यांना कळते ती ही उरलेली शक्तीच. तालुक्याच्या गावात सुटे भाग मिळतात का, हेही तेवढेच पाहावे. एचएमटीसारख्या सरकारी कंपनीचा ट्रॅक्टर विभाग २०१६ मध्ये बंद झाला. भाग मिळेनासे झाले की चांगले यंत्रही अंगणात अडकून पडते.

‘भाड्याने चालवून हप्ते फेडीन’ हा शेवटचा आक्षेप आहे आणि तो तरुणांचा आहे. तो धंदा जरूर करावा, पण धंदा म्हणून करावा. गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, मृगात आपल्या रानात आधी पेरायचे की गिऱ्हाइकाच्या, उधारी किती महिने राहते, हे सारे मोजून. तो शेतीपेक्षा वेगळा हिशेब आहे, आणि शेती शिकण्याच्या पहिल्याच वर्षी दोन्ही एकदम अंगावर घेणे जड जाते. जमीन खंडाने घेणाऱ्याला तर हे अधिकच लागू. सातबारा त्याच्या नावावर नसतो, म्हणून अनुदान नाही आणि कर्जही सहज नाही, आणि पुढच्या पाडव्याला रान हातात राहील की नाही हेही ठाऊक नसते. त्याने पहिले वर्ष सगळी कामे भाड्याने सांगावीत आणि एका वहीत चार रकाने पाडावेत: काम, तारीख, तास, दिलेले पैसे. पाचवा रकाना त्या दिवसांचा, ज्या दिवशी ट्रॅक्टर सांगूनही आला नाही. पाचव्या रकान्यात नांगरटीच्या तारखा क्वचितच येतील. तिथे आषाढातली कोळपणी पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर घ्यायचा ट्रॅक्टर कोणता हे वहीनेच सांगितले, आणि त्याचे टायर आठ इंची आहे.