उंच मुलाचे पाय

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव, यांपैकीं कोणत्याहि गांवच्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेस जाऊन पाहावें. शेवटच्या रांगेंत एखादा मुलगा खांदे पाडून, पाठ किंचित् वांकवून उभा असलेला दिसतो. वर्षभरांत त्याची उंची चारपांच बोटें वाढलेली असते, विजारी आंखूड पडलेल्या असतात, आणि 'नुसता एरंडासारखा वाढला' हें वाक्य त्यानें घरींदारीं शंभरदां ऐकलेलें असतें. बास्केटबॉलचा संघ निवडतांना मात्र सर्वांना त्याची आठवण होते. त्याला टोपलीखालीं उभें करतात, चेंडू हातीं देतात, आणि तो चुकला कीं हंसतात. चार दिवसांनीं तो मैदान सोडतो. उंची त्याला निसर्गानें दिली. ती वापरण्याची कला त्याला कोणीं शिकविली नाहीं, एवढाच त्याचा दोष.

या खेळांतील टोपली जमिनीपासून १० फुटांवर असते. तिच्याजवळ, बहुधा तिच्याकडे पाठ करून, जो चेंडू घेतो त्याला 'सेंटर' म्हणतात. उंच मुलाला वाटतें, हात वर केला कीं काम झालें. पण पाठीशीं प्रतिस्पर्धी रेटा देत असतो. शिवाय टोपलीसमोर आंखलेल्या चौकोनांत चढाई करणाऱ्यास सलग ३ सेकंदांहून अधिक थांबतां येत नाहीं. एका श्वासाच्या अवधींत सारें उरकावयाचें असतें. तेथें हातापेक्षां पायांचें काम अधिक.

म्हणूनच जाणता शिक्षक चेंडूच्या आधीं पाय शिकवितो. प्रथम उभें राहणें: पाय खांद्यांहून रुंद, गुडघे वांकलेले, कंबर खालीं, आखाड्यांतला मल्ल जमीन धरतो तसें. मग चेंडू हातीं येतांच प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या बाजूस आहे, हें पाठीनें ओळखावयाचें. तो उजवीकडे रेलला असेल, तर उजवा पाय रोवून डावा पाय मागें, टोपलीच्या दिशेनें टाकावा. शरीर आपोआप वळतें आणि प्रतिस्पर्धी बाजूस पडतो. तो मध्यें ठाम उभा असेल, तर एका पायावर फिरून, त्याच्यापासून दूर असलेल्या हातानें चेंडू कमानीसारखा डोक्यावरून सोडावा, हाच 'हूक'. तो अडविण्यास प्रतिस्पर्धी उडूं लागला, तर तोच आविर्भाव करून चेंडू हातींच ठेवावा व त्याच्या हाताखालून पाऊल टाकावें. रोवलेला पाय सरकला, तर मात्र चेंडू गेला. या तीन युक्त्या एकमेकींतून निघतात. केव्हां कोणती योजावी हें पुस्तकांतून येत नाहीं. त्यासाठीं मुलाचे पाय पाहणारा गुरु जवळ असावा लागतो.

अशा गुरूची एक गोष्ट सांगतों. १९४२ सालीं शिकागोच्या डी पॉल विद्यापीठांत रे मायर हा २८ वर्षांचा नवा प्रशिक्षक आला. त्याच्यापुढें जॉर्ज मायकन उभा राहिला: उंची ६ फूट १० इंच, डोळ्यांवर जाड चष्मा, चालणें बेंगरूळ. मायरनें त्याला दोरीवरच्या उड्या मारावयास लाविलें, मुष्टियुद्ध शिकविलें, नृत्याचे धडेहि देवविले. दोन्ही हातांनीं हूक मारण्याचा सराव तर दररोज शेंकडों वेळां. पुढें मायकन व्यावसायिक खेळांत इतका भारी ठरला कीं, १९५१ सालीं टोपलीसमोरचा ६ फूट रुंदीचा पट्टा १२ फूट करण्यांत आला. नुसत्या उंचीवर जगणारा खेळाडू तेथेंच संपला असता. मायकनच्या संघानें त्यानंतर १९५२, १९५३ व १९५४ अशीं लागोपाठ तीन विजेतेपदें मिळविलीं.

त्याच्या नांवाचा सराव आजहि जगभर चालतो. टोपलीखालीं उभें राहून डाव्या पावलावर उडावें व उजव्या हातानें चेंडू फळीवर मारावा. तो जमिनीवर पडूं न देतां झेलावा, आणि लगेच उजव्या पावलावर उडून डाव्या हातानें मारावा. चेंडू खांद्याखालीं येऊं नये. यास लागते एक टोपली, एक चेंडू आणि पुष्कळ धीर.

हात कामांतून शिकतो, हें वर्ध्यास नव्यानें सांगावयास नको. १९३७ सालीं येथेंच भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगांतून शिक्षणाचा विचार देशापुढें मांडला. वर्धा नदीपलीकडे अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शरीरशिक्षणाचें काम करीत आलें आहे. आणि पंजाबांतील बल्लोके या खेड्यांतला सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमींत घडून २०१५ सालीं अमेरिकेच्या एन.बी.ए. स्पर्धेंतील डॅलस संघाकडून निवडला गेला. असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय.

पालकांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. वाढीच्या वयांत हाडें झपाट्यानें लांब होतात. स्नायूंचें बळ व शरीराचा अंदाज मागाहून येतो. तेव्हांचा वेंधळेपणा हा स्वभाव नव्हे. गुडघ्याखालीं दुखूं लागलें, तर उड्या थांबवून वैद्यास दाखवावें. दुसरें, प्रशिक्षक निवडतांना तो मुलाची उंची मोजतो कीं त्याचीं पावलें पाहतो, एवढेंच पाहावें. पावलें सुधारलीं कीं शेवटच्या रांगेंतला तो मुलगा, कोणी न सांगतां, पाठ ताठ करून उभा राहतो. तो मैदानावर किती गुण मिळवील तें पुढें दिसेल. पण घरानें त्याला एरंड म्हणणें आजपासूनच थांबवावें.