तंबूतील पहिली रात्र : मोजके साहित्य, योग्य निवड

दुकान, वखार आणि मोंढा यांच्या फेऱ्यात वर्ष कसे सरते, हे व्यापारी कुटुंबाला कळतही नाही. म्हणूनच डिसेंबरच्या सुट्टीत मुलांसह एखादी रात्र मोकळ्या आकाशाखाली काढावी, ही इच्छा आता अनेक घरांत बोलून दाखविली जाते. परभणी जिल्ह्यातील कुटुंबांना त्यासाठी दूर सह्याद्रीत जाण्याची गरज नाही. जिंतूरजवळील नेमगिरीवर भगवान नेमिनाथ व पार्श्वनाथ यांचे दर्शन घ्यावे, तेथून शेजारच्या सेलू तालुक्यातील वालूर गाठावे आणि मुलांना तेथील चक्राकार बारव दाखवावी. वळसा घेत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांची ही पुरातन बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसून मोकळी केली आहे. रात्रीचा मुक्काम मात्र बारवेच्या आवारात नको. तो एखाद्या परिचिताच्या शेतात, त्याची अनुमती घेऊनच असावा.

एवढे ठरले की प्रश्न उरतो साहित्याचा. बाजारात तंबूपासून घडीच्या खुर्च्यांपर्यंत शेकडो वस्तू मांडलेल्या असतात आणि प्रत्येक वस्तू आवश्यकच वाटते. व्यापारी माणूस माल घेण्याआधी गरज पाहतो. येथेही तोच न्याय लावावा. डिसेंबरच्या उत्तरार्धात या भागात सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होतो आणि सूर्योदय सातच्या सुमारास. म्हणजे तेरा तासांची रात्र, आणि पारा कित्येकदा 10 अंशांखाली. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांना या तेरा तासांत स्वयंपाकाचा पसारा लागतच नाही. दशम्या, खाकरे, शेंगदाण्याची चटणी आणि फळे घरूनच नेता येतात. शेकोटीचाही आग्रह नसावा. तिच्या ज्वाळेकडे असंख्य किडे झेपावतात. तेव्हा चूल, जाळी आणि भांडी यांवरील खर्च वाचतो. तो वळवावा अंथरुणाकडे, कारण नवख्या कुटुंबाची रात्र बहुधा तेथेच फसते.

थंडी वरून येते असे आपण समजतो. प्रत्यक्षात जमीन अंगाची ऊब खालून ओढून घेते. अंगाखाली दबलेले पांघरूण किंवा पातळ सतरंजी ती ऊब अडवू शकत नाही. म्हणून सर्वांत खाली ताडपत्री, त्यावर तंबू आणि तंबूत प्रत्येकासाठी 8 ते 10 मिलिमीटर जाडीची फोमची चटई, असा क्रम ठेवावा. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा थोडी लहान असावी किंवा तिच्या कडा आत दुमडाव्यात; बाहेर आलेल्या कडांवर दव अथवा पावसाचे पाणी साचून तळाखाली शिरते. चटईवर घरची गोधडी अंथरली तरी चालते.

पांघरण्यासाठी स्लीपिंग बॅग घ्यायची असल्यास दोन गोष्टी पारखाव्यात. पहिली म्हणजे तिच्यातील भरण. ‘डाऊन’ असे लिहिले असेल तर आत बदक किंवा हंस यांची पिसे आहेत, असे समजावे. जीवदया पाळणाऱ्या घराने पॉलिस्टर तंतूंचे भरण असलेली बॅग मागावी. ती थोडी जड असते, परंतु ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते आणि सहसा स्वस्तही पडते. दुसरी गोष्ट म्हणजे तापमानाचे अंक. चांगल्या बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन अंक असतात. त्यांतील एक्स्ट्रीम हा जिवावर बेतणाऱ्या थंडीचा अंक आहे, सुखाच्या झोपेचा नव्हे. खरेदी कम्फर्टचा अंक पाहूनच करावी.

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या म्हणजे खांद्याला खांदा लावून, सामानाविना झोपणारी माणसे. चौघांच्या कुटुंबाने सहा जणांचा तंबू घ्यावा. तो दुहेरी असावा : आत जाळीचे कापड, बाहेर पावसाचे आवरण. एकेरी तंबूत श्वासातील वाफ कापडावर गोठून पहाटे अंगावर ठिबकते. पाणी अडविण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये दिलेली असते; कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी ते झिरपत नाही, याचे ते माप. हिवाळी मुक्कामास 1500 ते 2000 मिलिमीटरचे आवरण पुरेसे आहे. तंबूचा तळ एकसंध आणि चेन व्यवस्थित बंद होणारी असावी, कारण विंचू-साप आत येण्याची वाट तेथूनच असते.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्यांवर विसंबू नये. या भागातील काळी जमीन वाळली की दगडासारखी कठीण होते आणि बारीक खुंटी वाकते. ओली झाली की तीच खुंटी सहज उपटून येते. सुमारे वीतभर लांबीच्या जाड पोलादी खुंट्या व एक हातोडी वेगळी घ्यावी. खुंटीचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूस झुकलेले ठेवावे. जागा निवडताना भेगाळलेली जमीन, बांधाचे दगड आणि कडब्याच्या गंजी टाळाव्यात. खळ्याची उंच, सपाट, चोपलेली जागा सर्वांत उत्तम. दुधनेच्या किंवा कोणत्याही ओढ्याच्या पात्रात तंबू लावूच नये.

दिव्यांमध्ये प्रत्येकी एक लहान बॅटरी आणि कुटुंबासाठी एक टांगता दिवा पुरे. प्रकाश पिवळसर असावा. पांढऱ्या-निळसर प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात. दिवा तंबूच्या दारावर न टांगता काही अंतरावर टांगावा. म्हणजे किडे आत येत नाहीत आणि पायाखालीही मरत नाहीत.

पाण्यासाठी माणशी 5 लिटर धरावे. चौघांना 20 लिटरचा एक जार. बारवेचे किंवा विहिरीचे पाणी पिण्यास घेऊ नये. दुहेरी जाड सुती गाळणे सोबत असावेच, परंतु कापडाने रोगजंतू अडत नाहीत. पिण्याचे पाणी उकळलेलेच हवे. सकाळी ते उकळण्यास गॅसची एक लहान शेगडी नेल्यास ती उघड्यावरच पेटवावी. तंबूत शेगडी किंवा निखारे कदापि ठेवू नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही. थंडी वाजली तर आणखी एक पांघरूण घ्यावे, निखारा नव्हे.

खाण्याचे डबे घट्ट बंद करून वाहनात ठेवावेत. अन्नाच्या वासाने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. जोडे तंबूत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत. सर्पदंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये; तो अवयव स्थिर ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विलंब न करता रुग्णालय गाठावे. जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे अंधार पडण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

या यादीतील बरेच काही घरात असते. गोधड्या, ताडपत्री, हातोडी, जार आणि बॅटऱ्या विकत घ्याव्या लागत नाहीत. तंबू पहिल्या खेपेस उसना किंवा भाड्याने घ्यावा. मुले रमली आणि आजी-आजोबांनाही रात्र मानवली, तरच खरेदीचा विचार करावा. अपरिग्रहाची शिकवण येथे व्यवहारातही लाभाची ठरते. घडीच्या खुर्च्या, टेबल, शीतपेटी यांना पहिल्या वर्षी यादीत स्थान नसावे.

निघण्यापूर्वीच्या रविवारी तंबू घराच्या गच्चीवर एकदा उभारून पाहावा. दांड्या, दोऱ्या आणि खुंट्या मुलांनाच मोजू द्याव्यात, आवरणावर बादलीभर पाणी ओतून शिवणी तपासाव्यात, आणि रात्री सर्वांनी त्यातच झोपून पाहावे. जे कमी पडेल ते त्याच रात्री कळेल, आणि घर केवळ एक जिना खाली असेल.