खुडलेलं फूलही जिवंतच असतं

कल्याणच्या बाजार समितीतील फूल मार्केटमधून निघालेला टेम्पो दुर्गाडी पूल ओलांडून कोनगावमार्गे भिवंडीत येतो. अंतर फार नाही. पण गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या कोंडीत तो अडकला, की फुलांचं आयुष्य रस्त्यातच खर्ची पडू लागतं. खुडलेलं फूल जिवंत असतं. ते श्वास घेतं, पाणी पितं, साठवलेली साखर वापरतं. मुळं तुटल्यामुळे नवी रसद मात्र जवळजवळ बंद झालेली असते.

त्याचा पहिला शत्रू उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढलं, की फुलाचं श्वसन साधारण दुप्पट-तिप्पट होतं आणि शिदोरी तितक्याच वेगाने संपते. म्हणूनच गुलाब २ ते ४ अंशांत साठवतात. सगळ्यांना हा नियम लागू नाही. अँथुरियम, ऑर्किड ही उष्ण प्रदेशातली फुलं इतक्या थंडीत काळवंडतात.

दुसरी अडचण दांड्यात असते. पाणी वर नेणाऱ्या त्याच्या नलिका केसाहून बारीक. कापताच त्यांत हवा शिरते आणि पुढे फुलदाणीतले जिवाणू त्यांची तोंडं बुजवतात. मग दांडा पाण्यात उभा असूनही गुलाब मान टाकतो. उपाय सोपा आहे : घरी आणल्यावर दांड्याचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग धारदार सुरीने, शक्यतो पाण्याखाली धरून, तिरपा कापावा. तिरपा अशासाठी, की तो फुलदाणीच्या बुडाला सपाट टेकत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढून टाकावीत. ती कुजली की जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. जरबेराचा दांडा पोकळ आणि लवदार असल्याने लवकर सडतो. त्याला चार बोटं पाणी पुरे.

पाण्यात साखर घालावी का? साखरेने कळी उमलायला बळ मिळतं, पण नुसती साखर जिवाणूंनाही पोसते. लिटरभर पाण्यात एक चमचा साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घालावा. आम्लामुळे पाणी दांड्यातून सहज चढतं. हे पाणी रोज बदलायचं आणि फुलदाणी घासूनच पुन्हा भरायची. तांब्याचं नाणं टाकण्याचा फारसा उपयोग नाही. त्यातून पाण्यात उतरणारं तांबं अगदीच तुटपुंजं असतं.

तिसरा शत्रू दिसत नाही. १९०१ साली रशियातील दिमित्री नेल्युबोव्ह यांनी दाखवून दिलं, की दिव्याच्या गॅसमधील इथिलीनमुळे वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात. पुढे कळलं, की पिकणारी फळंही हाच वायू सोडतात. वाहनांच्या धुरातही तो असतो. हवेच्या एक कोटी भागांत एक भाग इथिलीन असलं, तरी कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटू लागतात. मे महिन्यात आंब्याची पेटी आणि फुलदाणी एकाच खोलीत ठेवली, तर फुलांचं काय होणार ते सांगायला नको. फ्रिजमध्येही फुलं फळांपासून दूरच हवीत.

गजऱ्याचं गणित वेगळं. मोगऱ्याला दांडाच नसतो, म्हणून त्याला पाणी पाजता येत नाही. आहे तेवढं टिकवायचं. कळ्या सकाळी खुडतात आणि संध्याकाळी त्या उमलून दरवळतात. तोवर गजरा केळीच्या पानात किंवा पिळून घेतलेल्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवावा. भिवंडीसारख्या कापडाच्या शहरात असं फडकं शोधावं लागत नाही. पाण्याचा मारा मात्र नको, पाकळ्या तांबूस पडतात.

घेताना काय पाहावं? गुलाबाची कळी देठाजवळ हलकेच दाबावी. घट्ट लागली तर ताजी. हिरवी निदलं खाली वळलेली असावीत. अगदी मिटलेली कळी अनेकदा उमलतच नाही. निशिगंधाची खालची एक-दोन फुलं उघडलेली आणि वरच्या कळ्या टपोऱ्या हव्यात. दांड्याचं टोक बुळबुळीत असेल, तर ती जुडी स्वस्तातही घेऊ नये.

आणि भिवंडीच्या उकाड्यासाठी एकच फूल निवडायचं, तर शेवंती निवडा. तिच्या पाकळ्यांवर इथिलीनचा फारसा परिणाम होत नाही. दांडा वेळेवर कापला आणि पाणी रोज बदललं, तर ती गुलाबापेक्षा हमखास जास्त दिवस टिकते.